ल्योंला जाताय? मग हे वाचून जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त तीन वर्षं फ्रान्समधल्या ल्योंमध्ये काढली. परत आल्यापासून दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीच्या सुट्टीत कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. मावसभाऊ, त्याच्या ऑफिसातले सहकारी, सोसायटीतले काका. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी हे सांगा, नाव कसं उच्चारायचं?

आपल्याकडे लिऑन, लायन, लियॉन असं काहीही ऐकू येतं. तिथले लोक ‘ल्यों’ म्हणतात, शेवटचा ‘न’ नाकातच राहतो. शहरातून दोन नद्या जातात, रोन आणि सोन. नकाशावर त्यांच्या मधला जिभेसारखा चिंचोळा भाग दिसतो, तो प्रेस्कील. सोनच्या पश्चिमेला फुर्व्हिएरची टेकडी, तिच्या पायथ्याशी जुनं शहर, म्हणजे व्ह्यो ल्यों. उत्तरेला क्रुआ-रूसची टेकडी. एवढा नकाशा डोक्यात बसला की हरवणं कठीण.

पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये एक रात्र ठेवली आहे. पुरेल का?

नाही. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ल्यों हे जेवून झोपायचं ठिकाण असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बस टेकडीवर नेतात, तिथल्या बॅसिलिकासमोर, म्हणजे मोठ्या चर्चसमोर, फोटो काढतात आणि जिनिव्हाचा रस्ता धरतात. अशी माणसं परत येऊन सांगतात, “ठीक आहे, पॅरिससारखंच, पण लहान.” या शहराचा चांगला भाग बंद दारांच्या आड आहे. दारं ढकलायला वेळ लागतो. पूर्ण तीन दिवस द्या. ते बुधवार ते रविवार या दरम्यानचे असतील तर उत्तम. कारण खाली संग्रहालयांच्या प्रश्नात आहे.

पोचायचं कसं? व्हिसा वेगळा लागतो का?

शेंगेन व्हिसा पुरतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच असलेला प्रवास विमा लागतो, तो कागद विसरू नका. मुंबईहून पॅरिसला उतरलात तर शहरात शिरायचीही गरज नाही. शार्ल द गोल विमानतळाच्या स्टेशनातूनच ल्योंची थेट वेगवान गाडी मिळते, साधारण दोन तासांत. पॅरिस शहरातून निघायचं तर गार द ल्यों स्टेशन, तिथूनही दोन तासच. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं. आयत्या वेळी काढलं तर डोळे पांढरे होतात. ल्योंच्या स्वतःच्या विमानतळावर उतरलात तर जलद ट्राम अर्ध्या तासात पार-द्यो स्टेशनात सोडते.

राहायचं कुठे? सगळे जुन्या शहरातच राहा म्हणतात.

सगळे म्हणतात, आणि फोटो पाहून मोह होतोच. मलाही झाला होता. घर मिळायच्या आधीचे पहिले आठ दिवस मी व्ह्यो ल्योंमधल्या एका भाड्याच्या खोलीत राहिलो. चौथा मजला, सोळाव्या शतकातला दगडी गोल जिना, लिफ्ट नाही, हातात तेवीस किलोच्या दोन बॅगा. खाली गोट्या दगडांची गल्ली. तिच्यावरून रात्री दीडपर्यंत लोक हसत-खिदळत जात आणि पहाटे कचऱ्याची गाडी येई. खोली सुंदर होती, तुळया लाकडी होत्या. झोप मात्र झाली नाही. तरुण असाल, बॅग हलकी असेल, तर एक अनुभव म्हणून जरूर राहा. आरक्षण करताना मजला आणि लिफ्ट हे दोन प्रश्न आधी विचारा.

आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर प्रेस्कीलवर, तेरो चौक आणि बेलकूर चौक यांच्या मधल्या भागात हॉटेल घ्या. सपाट जमीन, मेट्रो जवळ, आणि पूल ओलांडला की पाच-दहा मिनिटांत जुनं शहर. थोडं महाग पडतं, पण चालणं वाचतं.

पहाटेची गाडी असेल तर पार-द्यो बरं. भाग कोरडा, ऑफिसांचा, पण सोयीचा. तिथे एक गोल मनोरा आहे, त्याला गावातले लोक ‘पेन्सिल’ म्हणतात. त्याच्या वरच्या मजल्यांवर रॅडिसन ब्लू हॉटेल आहे. हवा स्वच्छ असेल तर तिथून आल्प्सची रांग दिसते.

मला विचाराल तर मी क्रुआ-रूसवर राहीन. सकाळी बुलेव्हारवर भाजीबाजार भरतो, पर्यटक कमी असतात, आणि विणकरांच्या जुन्या इमारतींमध्ये भाड्याच्या खोल्या मिळतात. छत इतकं उंच की आवाज घुमतो. चढ आहे, पण मेट्रोची ‘सी’ लाइन दातेरी रुळांवरून वर चढते.

बजेट कमी असेल तर फुर्व्हिएरच्या उतारावर युथ हॉस्टेल आहे. गच्चीवरून दिसणारं दृश्य महागड्या हॉटेलांना लाजवेल असं, मात्र तिथवर चढताना दम लागतो. आणि कुठेही राहा, शहराचा पर्यटक कर माणशी, रात्रीगणिक वेगळा लागतो. बिलात तो दिसला की फसवलं असं समजू नका.

हे त्राबूल प्रकरण काय आहे? लोकांच्या घरात घुसायचं?

जवळजवळ तसंच. त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारी वाट. आपल्या जुन्या पुण्यात वाड्यांतून बोळ निघत, या वाड्यातून शिरून त्या पेठेत बाहेर पडता येई, त्याची आठवण होते. जुन्या शहरात नदीला समांतर गल्ल्या भरपूर आणि आडव्या गल्ल्या थोड्या. मग लोकांनी इमारतींमधूनच आडवाट काढली. पुढे क्रुआ-रूसवर विणकरांना रेशमाचे तागे पावसात न भिजवता खाली नेण्यासाठी या वाटा उपयोगी पडल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवण्यासाठी भूमिगत कार्यकर्त्यांनीही त्या वापरल्या.

अशा वाटा शहरात काहीशे आहेत, लोकांसाठी खुल्या साधारण चाळीस. शहराने घरमालकांशी करार केला आहे. ते दिवसा दार उघडं ठेवतात आणि शहर देखभालीचा भार उचलते. दार बंद दिसलं तरी बेलच्या फळीवर एक बटण असतं, ते दाबा आणि ढकला. उघडलं तर आत जा, नाही उघडलं तर पुढे. सकाळी गेलात तर जास्त दारं उघडतात.

सुरुवात ५४, र्‍यू सँ-जाँपासून करा. ही जुन्या शहरातली सर्वांत लांब त्राबूल, चार इमारती आणि त्यांची अंगणं ओलांडून २७, र्‍यू द्यू बफला बाहेर काढते. पहिल्यांदा अंधार, मग अंगण, वर चार मजल्यांचे सज्जे, पुन्हा अंधार, आणि एकदम दुसरीच गल्ली. क्रुआ-रूसच्या उतारावर ‘कूर दे व्होरास’ आहे, तिथला सहा मजली उघडा दगडी जिना चुकवू नका. मात्र तिथे माणसं राहतात. कुणी भाजी घेऊन वर जातंय, कुणाचं तान्हं झोपलंय. हळू बोला, खिडक्यांत कॅमेरा खुपसू नका. एका आजींनी मला ‘बोंझूर’ म्हटलं नाही म्हणून चांगलंच सुनावलं होतं. चूक माझीच होती.

जुनं शहर इतकं शाबूत कसं राहिलं?

थोडक्यात वाचलं म्हणायचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो भाग गलिच्छ वस्ती समजला जाई, आणि त्यातून मोठा रस्ता काढायचा बेत होता. गावातल्या लोकांनी विरोध केला. १९६२ मध्ये जुन्या वस्त्यांच्या जतनाचा कायदा आला आणि १९६४ मध्ये व्ह्यो ल्यों हा त्या कायद्याखाली जतन झालेला फ्रान्समधला पहिला भाग ठरला. १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

रेशमाचं शहर म्हणतात, पण प्रत्यक्ष काय पाहायला मिळतं?

सोलापूरकरांनी आणि इचलकरंजीकरांनी तर इथे जायलाच हवं. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या यंत्रामुळे उठते त्याला आपले कारागीर ‘जकार्ड’ म्हणतात. ते जोसेफ मारी जाकार या ल्योंच्या माणसाचं आडनाव. १८०४ च्या सुमाराला त्याने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीवर चालणारं यंत्र मागावर बसवलं. भोक असेल तिथे आकडा दोरा उचलतो, नसेल तिथे नाही. नक्षी पुठ्ठ्यात साठवलेली, आणि तोपर्यंत दोरे ओढायला मागाजवळ जो जादा माणूस लागे तो लागेनासा झाला. पुढे इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती उचलली. त्याच्याकडे जाकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं, ते विणायला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. क्रुआ-रूसच्या चौकात जाकारचा पुतळा उभा आहे.

मेझों दे कान्यू या छोट्या संग्रहालयात माग चालवून दाखवतात. ‘कान्यू’ म्हणजे रेशीम विणकर. मागाच्या आवाजाला गावात ‘बिस्तांक्लाक’ असा शब्द आहे, आणि ऐकल्यावर तो अगदी बरोबर वाटतो. प्रात्यक्षिकासह असलेलीच फेरी घ्या. माग बंद असताना ती निव्वळ लाकडाची फ्रेम दिसते.

बाहेर आल्यावर मान वर करून इमारती पाहा. खिडक्या मजल्याला न शोभणाऱ्या उंच. उंच माग मावावेत म्हणून खोल्यांना सुमारे चार मीटरचं छत दिलं आणि कुटुंब झोपायचं वर, पोटमाळ्यावर. म्हणजे घर यंत्राच्या मापाचं आणि माणसं उरलेल्या जागेत. मजुरीचा किमान दर व्यापाऱ्यांनी मानला नाही म्हणून नोव्हेंबर १८३१ मध्ये विणकर टेकडी उतरून खाली आले आणि काही दिवस शहर त्यांच्या हाती होतं. ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू’ ही त्यांची घोषणा. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला, तो सैन्याने रक्तात बुडवला. युरोपातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात या दोन तारखा नेहमी येतात, तरी पर्यटकांच्या माहितीपत्रकात एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

कापडांचं मोठं संग्रहालय, म्युझे दे तिस्यू, नूतनीकरणासाठी दीर्घकाळ बंद ठेवलं आहे. जाण्यापूर्वी त्यांचं संकेतस्थळ बघा.

आईचे गुडघे दुखतात. फुर्व्हिएरला चढावं लागतं का?

अजिबात नाही. व्ह्यो ल्यों मेट्रो स्टेशनातूनच दोरीवर ओढली जाणारी गाडी निघते. गावात तिला ‘फिसेल’ म्हणजे ‘सुतळी’ म्हणतात. मेट्रोचंच तिकीट चालतं. वर बॅसिलिकाच्या दारातच उतरता.

बॅसिलिका म्हणजे फेडलेला नवस आहे. १८७० च्या युद्धात प्रशियन (जर्मन) फौज शहरात आली नाही तर मोठं चर्च बांधू असं बोलले होते. फौज आली नाही, १८७२ मध्ये बांधकाम सुरू झालं. चार बाजूंना चार मनोरे आहेत म्हणून गावकरी त्याला ‘उलटा हत्ती’ म्हणतात. एकदा ऐकलं की दुसरं काही दिसत नाही. आत सोनं आणि मोझेक इतकं की मला जरा जास्त वाटतं, आईला मात्र फार आवडेल. प्रवेश फुकट. मागच्या गच्चीवरून अख्खं शहर दिसतं.

संग्रहालयं कोणती पाहायची?

आधी वार. ललितकलांचं म्युझे दे बोझार मंगळवारी बंद. कोंफ्ल्युआंस (विज्ञान), लुग्दुनुम (रोमन काळ) आणि लुमिएर (सिनेमा) सोमवारी बंद. गादान्य (शहराचा इतिहास), मुद्रणकलेचं संग्रहालय आणि दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकार चळवळीचं केंद्र सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस बंद. म्हणून वर बुधवार म्हटलं.

एकच पाहणार असाल तर माझं मत लुग्दुनुमला. बॅसिलिकापासून पाच मिनिटं उतारावर. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमनांनी वसवलेलं हे शहर गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, प्रांतांची राजधानी होतं, आणि सम्राट क्लॉडियस इथेच जन्मला. शेजारी रोमन नाट्यगृह आहे, जून-जुलैत तिथे आजही रात्री कार्यक्रम होतात. संग्रहालय १९७५ मधलं, टेकडीच्या पोटात गाडलेलं. वरून आत शिरायचं आणि काँक्रीटच्या उतारावरून खाली खाली यायचं. क्लॉडियसचं भाषण कोरलेला काशाचा पत्रा इथे आहे, गॉलमधल्या प्रतिष्ठितांना रोमच्या सिनेटमध्ये घ्यावं असं सांगणारा.

पण मराठी माणसाने थांबावं ते कोलिन्यीच्या पंचांगासमोर. १८९७ मध्ये ल्योंच्या ईशान्येला एका शेतात काशाचे तुकडे सापडले. जोडल्यावर दिसलं ते गॉल लोकांचं पाच वर्षांचं पंचांग. महिने चंद्रावर चालणारे, प्रत्येक महिन्याचे दोन पक्ष, आणि सूर्याशी मेळ बसावा म्हणून पाच वर्षांत दोन जादा महिने. अधिक मास! प्रत्येक दिवसापुढे एक बारीक भोक, आजची तिथी खुंटी लावून दाखवायला. महिन्यांवर ‘चांगला’ आणि ‘चांगला नाही’ अशा खुणाही आहेत. आमच्या आजीला दाते पंचांगाइतकंच हे कळलं असतं.

बोझार पूर्वीच्या बेनेडिक्टिन मठात आहे. सत्तरेक दालनं, इजिप्तपासून पिकासोपर्यंत. सगळं बघायचा हट्ट धरू नका. पाय दुखले तर आतल्या बागेत बसा. तिथे तिकीट नाही आणि रोदँची शिल्पं आहेत. बाहेर तेरो चौकातलं घोड्यांचं कारंजं बार्तोल्दीचं, स्वातंत्र्यदेवता घडवली तोच.

प्रतिकार चळवळीचं केंद्र ज्या इमारतीत आहे तिथेच १९४३-४४ मध्ये गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, कार्यालय होतं; त्यांचा इथला प्रमुख क्लाउस बार्बी. १९८७ मध्ये त्याच्यावरचा खटला याच शहरात चालला. लहान मुलांना नेऊ नका. मोठ्यांनी जावं.

सिनेमाचं काही आहे म्हणे?

आहे, आणि त्याचा धागा थेट मुंबईशी. मोंप्लेझिर भागात लुमिएर कुटुंबाचा फोटोच्या काचांचा कारखाना होता. १९ मार्च १८९५ रोजी त्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित झाले. ती शेड अजून उभी आहे, रस्त्याचं नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएरच्या माणसाने खेळ लावला आणि त्यात हेही दृश्य होतं. काळा घोड्याजवळ त्या हॉटेलाची इमारत आजही आहे. तीनच वर्षांनी सावेदादांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. लुमिएरांच्या घरात आता संग्रहालय आहे, मेट्रो ‘डी’ने जा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण बूशोंमध्ये पंचाईत होते. बूशों म्हणजे ल्योंची पारंपरिक खाणावळ. पाटीवर आतडी, पोट, कलेजी, सॉसेज. ल्योंच्या सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे, वर अंडं. केनेल नावाचा मऊ प्रकार नादी लावतो, पण त्यात बहुधा मासा असतो. ‘सेर्व्हेल द कान्यू’, म्हणजे ‘विणकराचा मेंदू’, हे नाव ऐकून पळू नका. ते ताजं चीज, लसूण आणि हिरव्या पातीचं मिश्रण आहे, आपल्या चक्क्यात फोडणीऐवजी कांद्याची पात घालावी तसं. पावाबरोबर झकास लागतं. ‘साँ व्यांद, साँ प्वासाँ’ म्हणजे मांस नको, मासा नको. हे घोकून जा, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारा. ‘ऊन काराफ दो’ म्हटलं की साधं पाणी फुकट मिळतं.

जेवण दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. अडीचला गेलात तर दार बंद. ऑगस्टमध्ये अनेक खाणावळी सुट्टीवर असतात. गियोतिएर भागात आशियाई किराणा मिळतो, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर खिचडीची सोय होते.

८ डिसेंबरचा दिव्यांचा उत्सव पाहण्यासारखा आहे का?

आहे, पण हॉटेल कित्येक महिने आधी ठरवा, दर आकाशाला भिडतात. १८५२ मध्ये टेकडीवर मेरीची सोनेरी मूर्ती बसवायची होती. सोनला पूर आला म्हणून सोहळा सप्टेंबरवरून ८ डिसेंबरला गेला. त्या दिवशीही वादळ झालं. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं तेव्हा लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आता चारेक दिवस इमारतींवर प्रकाशाचे खेळ होतात आणि गर्दी गणपतीतल्या लालबागसारखी. मला खिडकीतल्या काचेच्या पणत्याच जास्त आवडतात. त्यासाठी चौक सोडून क्रुआ-रूसच्या मागच्या गल्ल्यांत फिरा. थंडी मात्र हाडात शिरते.

मुलं कंटाळतील का?

तेत दोर बागेत नेऊन सोडा. ११७ हेक्टर, तळं, गुलाब आणि फुकट प्राणिसंग्रहालय. कोंफ्ल्युआंसमध्ये डायनासोर आणि मॅमथचे सांगाडे आहेत. गिन्योल हा हातात घालायच्या बाहुलीचा खेळ याच गावचा, गादान्य संग्रहालयात त्याचं दालन आहे. खेळ फ्रेंचमध्ये असतो, पण शिपायाला दांडक्याने बडवतात तेव्हा भाषांतर लागत नाही.

सिटी कार्ड घ्यावं का?

दिवसाला दोन संग्रहालयं आणि मेट्रोचा भरपूर वापर असेल तर पैसे वसूल होतात. गल्ल्यांत भटकणार असाल तर नको, त्राबूलला तिकीट नाही.

एखादा दिवस बाहेर कुठे जावं?

चंदीगड पाहिलं असेल तर ला तूरेतला जा. चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएचा हा काँक्रीटचा मठ १९६० मध्ये पूर्ण झाला. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याच्या इमारतींची जी यादी केली तिच्यात हा आणि चंदीगडचं कॅपिटॉल संकुल दोन्ही आहेत. ल्योंहून लोकल गाडीने लार्ब्रेलला उतरायचं आणि अर्धा तास चढ चालायचा. आगाऊ आरक्षण करून साधूंच्या खोलीत रात्रभर राहताही येतं. खोलीची रुंदी १.८३ मीटर, हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. न्हाणीघर सामाईक. मी एक रात्र राहिलो. इतकी शांतता नंतर कुठे मिळाली नाही, आणि गादी इतकी कडकही नाही. रोमन देऊळ बघायचं तर रेल्वेने अर्ध्या तासावर व्हिएन नावाचं गाव आहे.

घरच्यांसाठी काय आणावं?

साखरेत घोळवलेले गुलाबी बदाम, प्रालिन. टिकतात, वजनाला हलके, शाकाहारी मंडळींनी मात्र रंग कशाचा आहे ते पाकिटावर पाहावं. रेशमी रुमाल घ्यायचा तर जुन्या शहरातल्या दहा युरोंच्या टोपल्यांकडे बघू नका, लेबलवर ‘स्वा’ म्हणजे रेशीम हा शब्द शोधा. मी आईसाठी क्रुआ-रूसवरून एक घेतला होता. तिने हातात घेऊन कड उलटी करून पाहिली आणि म्हणाली, “काठ येवल्यासारखा नाही हो.”